इन्क्रीजचा बाप

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीतल्या दोन खोल्यांत धाकटी आणि तिचे भावोजी आठ वर्षं एकाच टेबलाशी बसत होते, आणि त्यातली सहा एकमेकांना पाण्यात पाहत. भावोजी मुख्य संपादक. शब्दांच्या चिठ्ठ्या लिहायच्या धाकटीने, सही ठोकायची त्यांनी.

पहिला खंड इंग्रजी ‘आय’ अक्षरावर संपणार होता. त्यातच ‘इन्क्रीज’ आला आणि ठिणगी पडली.

भावोजींनी एका व्याख्यानात सांगून टाकलं होतं, की क्रीज म्हणजे चुणी. कपड्यात आत दडवलेली चुणी सोडली की कपडा वाढतो, म्हणून इन्क्रीज. टाळ्या पडल्या होत्या. आता तेच त्यांना कोशात हवं होतं. धाकटीची चिठ्ठी त्यांनी लाल शाईने उभी-आडवी कापली.

“शब्द लॅटिन आहे, भावोजी,” ती म्हणाली. “क्रेस्केरे, म्हणजे झाडापोरासारखं वाढणं. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पूर्वी इन्क्रीज म्हणजे पोरंबाळं, शेतातलं पीक असाही अर्थ होता. चंद्रकोरीचा क्रेसेंट त्याच घरातला. चुणीचा काय संबंध?”

“लोकांना पटलं ना?”

“टाळ्या मिळाल्या म्हणून शब्दाचा बाप बदलत नाही. मराठीत ताटातही वाढतात. मग काय, ‘वाढ’चा बाप वाढपी?”

शेजारच्या खोलीतला टंकलेखक फिसकन हसला. भावोजींचा चेहरा लालबुंद झाला.

“तुमच्या बहिणीकडे बघून तुम्हाला इथे ठेवलंय. चिठ्ठ्या लिहा. अक्कल पाजळू नका.”

तपासलेली मुद्रितं छापखान्यात पोचवायचं काम धाकटीचंच होतं. तिथे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या शेजारी उभं राहून तिने चुणी काढली, लॅटिन घातलं.

भावोजींना पत्ता लागला तो थेट प्रकाशनाच्या दिवशी. अध्यक्ष होते भाषांचे म्हातारे प्राध्यापक. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. “इतकी नेटकी व्युत्पत्ती बऱ्याच दिवसांनी वाचली,” ते म्हणाले.

भावोजींनी पान पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या धाकटीकडे. क्षणभर त्यांचा जबडा आवळला. मग ते उठले, हात जोडून हसले. “सहकारी चुणीवर अडून बसले होते. लॅटिनचा हट्ट माझा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडीवरची पर्स धाकटीने इतकी आवळली की तिचा बंद तुटला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच तिने ‘जे’पासून पुढच्या आपल्या सगळ्या चिठ्ठ्या चार पोत्यांत भरल्या आणि रिक्षात घालून घरी नेल्या.

संध्याकाळी ताई दारात आली. “अगं, तो चिडलाय. पोलिसांत जाईन म्हणतोय. चिठ्ठ्या देऊन टाक ना.”

“अक्षर माझं आहे, ताई. जाऊ दे त्याला.”

“घरातलं भांडण असं चव्हाट्यावर आणायचं?”

“चव्हाट्यावर कोण खोटं बोललं? तुझ्या नवऱ्याला सांग, टाळ्या वाजवून पुढचं अक्षर काढ म्हणावं.”

ताईचे डोळे भरून आले. धाकटीला ते दिसलं. तरी तिने दार लोटून घेतलं.