पाच-नऊ-नऊ

आमच्या हौशी वायरलेसवाल्यांत एक सभ्य खोटेपणा चालतो. समोरच्याचा सिग्नल कितीही मरतुकडा असो, रिपोर्ट द्यायचा पाच-नऊ-नऊ. म्हणजे पैकीच्या पैकी. माझे बाबा, हॅनकॉक गावचे एइनो लहटी, या भानगडीत कधी पडले नाहीत. सातासमुद्रापलीकडच्या नवख्यालाही ते जे ऐकू येई तेच कळवत.

बारा वर्षांची असताना मला परवाना मिळाला आणि मावशीच्या घरून मी पहिला संदेश त्यांनाच पाठवला. मोर्समध्ये उत्तर आलं : तीन-तीन-नऊ. हात जड. रडत पाठवू नकोस.

मी खरंच रडत होते. ते त्यांना माझ्या ठिपक्या-रेषांवरून कळलं होतं. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं मी मोर्सच्या कळीला बोट लावलं नाही.

यंदा मी घरी जोडायच्या वायरलेस संचाचं एक किट मागवलं. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती तोंडानं निघाली नसती.

किट जोडून झालं. ऐकू यायचं, तेही खरखरत. पाठवायला गेलं की शक्ती दाखवणारा काटा शून्यावर. तीन आठवडे मी मीटर घेऊन सोल्डरचा एकेक टाका तपासत होते.

"अगं, फेक तो डबा आणि सरळ फोन कर बापाला," डेल म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी नवरा आमच्या घराण्यात नवखाच.

"फोनवर ते मुक्याचे बाप होतात."

"आणि तू?"

"तू गप खा. पॅस्टी गार होतेय तुझी."

दोष सापडला तो एका वेटोळ्यात. तांब्याच्या तारेवर लाखेचा थर असतो. तो खरवडला नाही तर टाका वरून चकचकीत दिसतो, आत संबंधच नसतो. आमच्या घरात असे टाके पुष्कळ. ब्लेडनं तार खरवडली, पुन्हा टाका घातला. चाचणीसाठी एरियलची तार काढून तिथं डमी लोड लावला. हा एक रोधक. सगळी शक्ती गिळतो, बाहेर काही जाऊ देत नाही. कळ दाबली आणि काटा टुणकन पाच वॅटवर! मी अशी ओरडले की डेल अर्धी दाढी ठेवून धावत आला.

बाबांशी रविवारी सकाळी नऊची वेळ ठरली होती. पहिली पाच मिनिटं मी पाठवायचं, मग बाबांनी. ऐकायला मी जुना रिसीव्हर घेतला, त्याची तार वेगळी होती. नऊला कळ दाबली : "बाबा, मला तुमचा राग नाही. होता, आता नाही. राइली." तीनदा पाठवलं. हात अजिबात जड नव्हता.

नऊ वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं : पाच-नऊ-नऊ. स्वच्छ सिग्नल. हात सुंदर. शाबास.

"पाघळला की म्हातारा!" डेलनं मला मिठीच मारली. मी त्याच्या खांद्यावर नाक पुसलं.

मग आवराआवर करायला डब्यामागं हात घातला तर चटका बसला. डमी लोड तिथंच होता. एरियलची तार खिडकीच्या कठड्यावर पडलेली. राग नाही, हे मी तीनदा एका रोधकाला सांगितलं होतं.

फोन लावला.

"बाबा, कसं ऐकू आलं?"

"कळवलं ना. शेजारच्या खोलीतून बोलावं तसं."

"काय म्हटलं मी?"

तिकडं खुर्ची करकरली. "हेच आपलं... हवापाणी. तू कशी आहेस, डेल कसा आहे."

म्हणजे पाच मिनिटं ते घड्याळाकडं बघत बसले असणार. कानात नुसती खरखर. नऊ वाजून पाच झाले, आणि जन्मात कुणाला दिला नाही असा खोटा रिपोर्ट त्यांनी मला दिला. माया असेल. किंवा मला खरं सांगण्याइतकी किंमत उरली नसेल. आपलेच कान गेले असं वाटलं असेल, तर तेही सांगितलं नाही.

"राइली? आहेस ना?"

ते वाक्य अजून जिभेवर होतं. फोन हातात होता, मध्ये रोधक नव्हता, बाबांना माझा श्वाससुद्धा ऐकू जात होता. पण सकाळी नऊला खरं होतं ते आता खरं राहिलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "ठेवते आता."