जनका बोलते

पटकीच्या साथीत आठवड्याच्या आत आई गेली, मग बाप गेला. तेव्हा चांगुणा दहा वर्षांची होती आणि तिची बहीण जनका चार. जानेफळचा त्यांचा चुलता कडूबा दोघींना एसटीनं घेऊन निघाला आणि खामगाव तालुक्यातल्या एका बालिकाश्रमाच्या फाटकात त्यानं त्यांना उभं केलं. "सुगी झाली का नेतो तुमाले," म्हणाला. सुगी झाली, दुसरीही झाली. कडूबा काही फिरकला नाही.

आश्रम वाईट नव्हता. दोन वेळा भाकर मिळे, शाळेत नाव होतं. अधीक्षिका सरस्वतीबाई पुण्याकडच्या, कडक इस्त्रीच्या पातळातल्या. उगाच हात उगारायच्या नाहीत, पण नियम मोडला की सोडायच्या नाहीत.

दर गुरुवारी लोक मुली बघायला येत. पोरींना ओसरीवर ओळीनं बसवत. आलेल्या बाया दात बघत, केस फाकून उवा बघत, नाव विचारत. कागदावर सगळ्याच 'मुलगी म्हणून' जात. काही खरंच मुली होत, काही दुसऱ्याचं लेकरू कडेवर घेऊन फिरत. अन्नपूर्णाला मलकापूरकडच्या लोकांनी नेलं, तेव्हा तिची धाकटी बहीण तीन दिवस फाटकाचे गज धरून बसली होती. चौथ्या दिवशी बाईंनी तिला छडीनं उठवलं.

चांगुणानं ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी जनकाला धुण्याच्या दगडामागं नेलं.

"जने, आजपासून कोनासमोर बोलाचं नाही. मुकी पोरगी कोनी नेत नाही."

"काऊन वं?"

"बोलशीन तं तुले नेतीन. मंग मी नाही भेटनार. बाई इचारो, डॉक्टर इचारो, तोंड उघडाचं नाही. लोकाईसमोर मी जरी म्हनलं बोल, तरी नाही. दोघीच असलो तवाच."

आई गेल्यापासून जनका तशीही घुमीच झाली होती. पोर मुकी झाली हे सगळ्यांना चटकन पटलं. गुरुवारी बाया तिची हनुवटी धरत, नाव विचारत, उत्तर आलं नाही की पुढच्या मुलीकडं सरकत. संध्याकाळी धुण्याच्या दगडामागं मात्र जनका दिवसभराचं सगळं ओकून टाकी: मांजरीला पिलं झाली, डाळीत खडा निघाला, पुष्पीनं चिमटा घेतला. एकदा भांडी घासायला आलेल्या सोजराबाई स्वयंपाकिणीनं ते ऐकलं. तिनं दोघींकडं एकदा पाहिलं आणि भांडी उचलून निघून गेली.

एक वर्ष असं निभलं. मग खामगावचे गुलाबराव आणि त्यांची बायको आली. त्यांना जनका फार आवडली. मुकी आहे कळल्यावर बायको हळहळली आणि म्हणाली, "हिला इथं कशाला ठेवलंय? सरकारची मुक्या मुलांची शाळा असते की."

सरस्वतीबाईंना ते लागलं. आपल्या हातून काही राहिलं, हे त्यांना सहन होत नसे. त्यांनी डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी जनकाच्या कानामागं टाळी वाजवली. तिनं वळून पाहिलं. "ऐकू येतंय," ते म्हणाले, "वाचाच गेलेली दिसते."

"सोंग तर नाही ना?" बाईंनी गोधड्या शिवायची मोठी सुई मागवली. जनकाचा तळहात धरला आणि टोचली. एकदा, मग अंगठ्याच्या मुळाशी पुन्हा. जनकाचं तोंड वाकडं झालं, डोळे भरले, ओठ दातांखाली पांढरा पडला. तिची नजर दारात उभ्या चांगुणावर होती. चांगुणाला वाटलं आता ओरडावं, सांगून टाकावं. पण तिच्या मनात आलं, एवढं सोसलंच आहे तर आज निभून जाईल. ती गप्प राहिली. जनकाही गप्प राहिली.

"खरंच मुकी आहे," बाई म्हणाल्या आणि सुई पुसून ठेवली.

महिन्याभरात जीप आली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुक्या मुलांच्या शाळेचा माणूस कागद घेऊन उतरला. चांगुणाला तेव्हाच कळलं. ती धावत ओसरीवर आली आणि बाईंचे पाय धरले.

"बाई, ते बोलते! मीच सांगतलं होतं तिले, नोको बोलू म्हनून. जने, बोल! नाव सांग तुह्यं!"

जनकानं बहिणीकडं पाहिलं, मग बाईंकडं, मग त्या परक्या माणसाकडं. लोक होते. तिनं ओठ घट्ट मिटले.

"जने, आता बोल वं! तुह्या पाया पडतो!"

जनकानं मान हलवली. आपण चुकणार नाही, असं सांगितल्यासारखी.

"सोजरामावशी, तुमी आयकलं होतं ना? सांगा ना!"

सोजराबाईनं एकदा सरस्वतीबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. तिला जायला दुसरं घर नव्हतं. "मले काही ठाव नाही बाप्पा," ती म्हणाली आणि आत वळली.

"बहिणीच्या मायेपोटी खोटं बोलते," सरस्वतीबाई त्या माणसाला म्हणाल्या. जनकाला उचलून जीपमध्ये बसवलं. ती रडलीसुद्धा तोंड मिटूनच.

दोन महिन्यांनी त्या शाळेचं पत्र आलं. मुलगी बोलते, दिवसभर बहिणीचं नाव घेते, नियमाप्रमाणे तिला इथं ठेवता येत नाही, परत पाठवू का? सरस्वतीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. वर कळलं तर डॉक्टरांचा दाखला, सुई, सगळंच निघालं असतं. शिवाय जनकाची जागा भरली होती.

पत्रांची उत्तरं चांगुणाच लिही. तिचं अक्षर आश्रमात सगळ्यांत चांगलं होतं. बाईंनी तिला बोलावलं, आलेलं पत्र तिच्यासमोर ठेवलं आणि सांगू लागल्या: "सदर मुलीस परत घेण्यास संस्थेत जागा शिल्लक नाही. तिचे कोणी नातेवाईक असल्याची नोंद नाही."

चांगुणाची लेखणी थांबली. "बाई, मी हाओ ना."

"लिही."

"माह्या पानातली अर्धी भाकर देतो तिले. माह्याच गोधडीत झोपन ते."

"तू लिहिणार नसशील तर मी लिहीन. मग पुढच्या गुरुवारी ओळीत पहिली तू बसशील आणि जो मागेल त्याच्याबरोबर जाशील."

चांगुणा गेली असती, तर जनका कधी आलीच तर इथं तिचं कोण होतं? तिनं लिहिलं. जागा शिल्लक नाही. नातेवाईक नाही. शेवटी तिनं बारीक अक्षरात घातलं, 'तिची बहीण चांगुणा इथे आहे.' बाईंनी वाचलं, कागद फाडला आणि दुसरा दिला. दुसऱ्यांदा चांगुणानं तेवढंच लिहिलं, जेवढं सांगितलं होतं. अक्षर सुरेख आलं होतं. बाई तसं म्हणाल्याही.

अठरा पूर्ण झाल्यावर आश्रमातून बाहेर पडताच चांगुणा आधी त्या शाळेत गेली. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं फाईल शोधली. मुलीला पुढं कुठल्या तरी अनाथालयात पाठवलं होतं. कुठल्या, ते नोंदलेलं नव्हतं. फाईलीत कारण म्हणून एकच कागद लावलेला होता. कारकुनानं तो तिच्यापुढं सरकवला आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं, काही ओळखता येतं का?"

"हाव," चांगुणा म्हणाली. "माह्यं हाय."