जत्रेच्या दिवशीचा पाऊस

यॉर्कशरमधल्या त्या लहानशा गावात ग्लेनिस रोज सकाळी नदीत पोहायची. नवरा गेल्यानंतर याच सवयीनं तिला तारलं होतं. सोबतीला गावातल्याच तीन-चार बायका असायच्या. पोहून झालं की काठावरच्या खडकावर बसून थर्मासमधला चहा आणि गावगप्पा. पण एका उन्हाळ्यात सगळ्याच जणी जुलाबांनी आडव्या झाल्या. "नदीत उतरला होतात का?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ग्लेनिसलाच ओशाळल्यासारखं झालं.

अंगात त्राण आल्यावर ती काठाकाठानं वर चालत गेली. वळणापलीकडच्या मोठ्या पाइपातून राखाडी मैलापाणी भसाभस नदीत पडत होतं. गावात त्या शनिवारी जत्रा भरलेली, ऊन कसं लख्ख पडलेलं. तिनं फोटो काढला आणि परत फिरली.

मग बायकांनी कंबर कसली. पाण्याचे नमुने तपासायला पाठवले, बाजारात टेबल मांडून सह्या गोळा केल्या. पुलाजवळच्या चहाच्या दुकानाचा मालक क्लिफर्ड मात्र काचेवर त्यांचं पोस्टर लावू देईना. ग्लेनिस आणि तो एकाच शाळेत शिकलेले.

"अगं बाई, नदीत घाण आहे अशी दवंडी पिटलीस तर इथे कुत्रं तरी फिरकेल का? माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

"घाण काय मी सोडली, क्लिफर्ड?"

"नाही सोडलीस. पण बोभाटा तूच करतेयस."

त्यानंतर ती दुकानावरून गेली की तो मान खाली घालून कप पुसत राही.

पानगळ सुरू झाली तेव्हा गावाचं पाणी आणि मैलापाणी दोन्ही सांभाळणाऱ्या पाणी कंपनीनं गावाच्या हॉलमध्ये सभा घेतली. आलेला अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ. "मुसळधार पाऊस झाला तरच आम्ही मैलापाणी नदीत सोडतो. नाहीतर ते तुमच्या घरात उलटं येईल."

ग्लेनिसनं फोटो पुढे केला. "हा जत्रेच्या शनिवारचा आहे."

"त्या दिवशी आमच्याकडे जोरदार पावसाची नोंद आहे, मॅडम."

ग्लेनिसनं फोटो पुन्हा निरखून पाहिला. फोटोत पाइप होता, पाणी होतं, आभाळ नव्हतं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. क्लिफर्ड उभा होता.

"कुठला पाऊस? त्या दिवशी माझं आईस्क्रीम दुपारीच संपलं. बँडमधला ढोलवाला उन्हानं चक्कर येऊन पडला, त्याला मीच ओढून सावलीत नेलं. कुणी छत्री उघडलेली पाहिली का रे?"

हॉल हसण्यानं दणाणला. ढोलवाला समोरच बसला होता, तो लाजून लाल झाला.

"नोंद तपासावी लागेल," अधिकारी पुटपुटला.

"तपासा की. आम्हाला घाई नाही," क्लिफर्ड म्हणाला आणि खाली बसला.

सरकारी तपासनीस आले. मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रातला पंप कित्येक महिने बंद पडलेला निघाला. कंपनीला दंड झाला, जादा मैलापाणी साठवायला मोठी टाकी बांधण्याचा हुकूम झाला. पण टाकी होईपर्यंत पुलाजवळ पाटी लागली: इथे पोहू नये. क्लिफर्डची भीती खरी ठरली. दुकानातली गर्दी ओसरली.

ग्लेनिस त्याच्याकडे गेली. "माझ्यामुळे झालं हे."

"तोंड मी उघडलं ना? मग माझं मी बघेन. तू बस, टोस्ट घे."

दुसऱ्या दिवसापासून बायका पोहण्याच्या वेळी काठानं फेरी मारून त्याच्याकडेच न्याहारीला येऊ लागल्या. तेवढ्यानं दुकान चालणार नव्हतं, पण सकाळी चूल पेटवायला त्याला कारण मिळालं.

टाकी व्हायला दोन हिवाळे गेले. पाटी काढली त्या सकाळी ग्लेनिस पाण्यात शिरली. पाणी अजून थोडं गढूळ होतं, पण वास नव्हता. क्लिफर्ड अॅप्रनसकट पुलावर येऊन उभा राहिला.

"कसंय गं?"

"बर्फासारखं!" ती ओरडली आणि पाठीवर पडून प्रवाहाबरोबर सावकाश वाहू लागली.