वहिनींच्या नाकाची तपासणी

सरांनी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बहुवर्षायू वनस्पतींचा धडा तर ते डोळे मिटून सांगत: वरचा भाग वाळतो, मूळ जमिनीत जिवंत राहतं, हवा पालटली की पुन्हा फुटतं. मुलं ते पाठ करून पेपरात लिहीत. सरांना तो पेपर कधी लिहावा लागला नव्हता.

विधवा वहिनी चार महिन्यांसाठी लेकीकडे गेल्या, तेव्हा अंगणातलं एक रानफूल त्यांनी सरांवर सोपवलं. सरांच्या थोरल्या भावाने ते डोंगरावरून रुमालात बांधून आणलं होतं. पान असो की मूळ, चुरडलं की बोटांना दिवसभर वास राहायचा. थंडीत ते वाळलं. मेलं असं समजून सरांनी ते मुळासकट उपटलं आणि कुंपणामागच्या खड्ड्यात फेकलं. धडा आठवला तो तिसऱ्या दिवशी, दाढी करताना. तोवर खड्ड्यात आळीभरचा पालापाचोळा पडला होता. मग कुठलाही शिकलेला माणूस करील तेच सरांनी केलं. नर्सरीतून तसंच दिसणारं रोप आणून लावलं.

वहिनी आल्या त्या थेट झाडापाशी वाकल्या. पान चुरडून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"फुलं टपोरी आलीत हो. पण भावजी, मला वासच येत नाही. मागे ताप आला होता, त्यात नाक गेलं वाटतं. तुम्हाला येतोय?"

निसटायला इतकी सोपी वाट सरांना जन्मात कुणी दिली नव्हती.

"येतोय की. घमघमाट आहे."

वहिनींचा चेहरा उतरला. "ह्यांचं तेवढंच राहिलं होतं. तेही गेलं."

मग त्या शेजारीपाजारी सांगत सुटल्या, माझं नाक गेलं, पण भावजींनी झाड पोटच्या पोरासारखं जपलं. सर मान खाली घालून ऐकत. लोक म्हणत, माणूस किती विनयशील!

शेवटी सरच त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून एकेक बाटली नाकाशी धरली. वहिनींनी लवंग ओळखली, कॉफी ओळखली. साबणही ओळखला. "कपड्यांचा. तोही हलका."

"नाक ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग त्या एकाच झाडाचा वास का येत नाही? डोकं तर बिघडलं नाही ना माझं?"

"त्याचीही तपासणी करून घेऊ," म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं.

तेव्हा सरांनी भिंतीवरच्या नाकाच्या चित्राकडे बघत सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी टेबलावरच्या साबणाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. शिवी हासडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"जिवंत होतं ते."

"हो."

"आणि मी वेड्यासारखी हुंगत होते, ते तुम्ही बघत उभे होतात."

"चूक झाली, वहिनी." शाळेत हजारदा ऐकलेलं हे वाक्य किती तोकडं असतं, ते सरांना आज कळलं.

वहिनींनी पिशवी उचलली. "घरी गेल्यावर खड्डा उकरायचा. हातांनी. कुदळीने उरलंसुरलं मूळही तुटेल."

"उकरतो."

"आणि वास तुम्ही घ्यायचा नाही. मिळेल ते मूळ माझ्याकडे आणून द्यायचं. तुमच्या नाकाचा मला भरवसा नाही."