मला फसवणारी लॉन्ड्री

मी धूरमीटर बोलतोय. दचकू नका, आज मी काहीही मोजणार नाही. मला पाहिलं की लोक सवयीने श्वास रोखून धरतात. अहो, तुमच्या श्वासावर कर नाही! धुराड्यातून जेवढा कार्बन बाहेर पडतो तेवढाच मी मोजतो, आणि तेवढ्यावरच कर बसतो. पण ऐकतं कोण?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचा लहानसा डबा, समोर काच, काचेमागे लाल काटा आणि पाठीतून निघालेली एक बारीक नळी. ही नळी धुराड्यात खुपसली की माझं काम सुरू. थोडक्यात, दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, तोही सरकारी शिक्क्यासकट. खोटं बोलायची सोय मात्र माझ्यात ठेवलेलीच नाही.

कर आला त्याच वर्षी मला एका लॉन्ड्रीच्या धुराड्यावर बसवलं. कोळशावर चालणारा म्हातारा बॉयलर, कपडे धुण्याची मोठाली यंत्रं, इस्त्रीचे रूळ आणि दिवसभर पांढऱ्या चादरींचे ढीग. चादरी सगळ्या एका हॉस्पिटलच्या. लॉन्ड्रीचे मालक काका, आणि त्यांच्यापेक्षा जास्त राबणाऱ्या काकू. पहिला कर भरायची वेळ आली तेव्हा काका स्टुलावर बसले ते उठेचनात. दर वाढवलात तर चादरी दुसरीकडे जातील, असं हॉस्पिटलने आधीच बजावलं होतं. दर वाढवला नाही तर कर कुठून भरायचा? आणि चादरी गेल्या की शटर खाली, हे तर उघडच होतं.

"हा मीटर नव्हे, जावई आहे जावई!" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "कामाला हात लावायचा नाही, नुसतं बसून सगळ्यांवर नजर ठेवायची. वर मानपानही आपणच करायचा."

मला वाईट वाटलं. कारण गोळा झालेल्या करातला वाटा सरकार घरोघरी परत द्यायचं, आणि तो खात्यात जमा झाला की याच काकू खुशीत म्हणायच्या, "बरी जिरली या धूर सोडणाऱ्यांची!" लॉन्ड्रीत शिव्या आणि घरी आशीर्वाद. हे दोन्ही एकाच तोंडात कसं मावतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

मग मला फसवायचं ठरलं. मोहिमेचे सेनापती होते काकूंचे धाकटे भाऊ. धंद्याने प्लंबर, स्वभावाने शास्त्रज्ञ. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी बसवलेले नळ गळायचे, पण कल्पना त्याहून जास्त गळायच्या.

आधी त्यांनी माझ्यावर उशीचा अभ्रा चढवला. दिसलंच नाही तर मोजणार काय, हा त्यामागचा विचार. काटा हलायचा तसा हलत राहिला. मग माझ्यासमोर टेबलफॅन लावून मला वारा घालण्यात आला, म्हणजे मला डुलकी लागेल. बॉयलरमध्ये फावड्याने कोळसा टाकताना काका माझ्या दिशेने मान करून मोठ्याने सांगायचे, "आज बॉयलर बंद आहे बरं का!" काकू तर माझ्यासमोरून चवड्यांवर चालायला लागल्या. मी लाजेने चूर व्हायचो. इतकी शहाणीसुरती माणसं, आणि एका डब्यासमोर ही नाटकं!

शेवटी एकदा मामा शिडी लावून वर चढले, धुराड्याला टेकले आणि बोंब मारत खाली आले. हात चांगलाच भाजला होता. पण चेहरा उजळला होता.

"भाऊजी, सापडलं! धुराडं तापतं ना, त्यावरूनच याला कळतं. आपण धुराडं गार ठेवू. गार धुराड्यावर कुणी संशय घेईल का?"

"पण गार करायचं कसं?"

"तांब्याचा पाइप गुंडाळू आणि त्यातून गार पाणी सोडू. ते माझ्यावर सोपवा."

काकांनी सोपवलं. पाइपचे वेढे धुराड्याच्या आत-बाहेर बसले, आणि आश्चर्य म्हणजे एकही गळला नाही. एका टोकाने गार पाणी जायचं आणि दुसऱ्या टोकाने वाफाळत बाहेर यायचं. मामा ते बादल्या भरभरून गटारात ओतायला लागले तशा काकू कडाडल्या.

"डोकं ठिकाणावर आहे का? एवढं कढत पाणी फुकट घालवताय? ते यंत्रात घाला. उरेल ते बॉयलरला पाजा!"

झालं. धुराबरोबर वर उडून जाणारी ऊब पाण्यात उतरली, बॉयलरला पाणी आधीच तापलेलं मिळायला लागलं आणि चार पोत्यांचं काम तीन पोत्यांत होऊ लागलं. माझा काटा खाली आला. मामांनी काकांना मिठी मारली आणि कुजबुजले, "फसला!"

अरे, फसलो नाही रे! कोळसाच कमी जळतोय! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण देवाने मला काटा दिला, तोंड दिलं नाही.

कर उतरला, दर तोच राहिला, चादरी येत राहिल्या. काकांची मात्र झोप उडाली. मुळात हा माणूस सरळ. गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेलं बटणसुद्धा पुडीत बांधून परत करणारा. करखात्याच्या तपासनीस बाई आल्या तेव्हा त्यांनी वही उघडायच्या आतच काका हात जोडून पुढे झाले.

"मॅडम, मला अटक करा."

"काय झालं?"

"आम्ही तुमच्या मीटरला फसवतोय. मेहुण्याची कल्पना, पण मालक मी आहे. त्याला सोडा."

बाईंनी पाइप पाहिला. पाण्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. कोळशाची खोली उघडून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "कोळसा आधीपेक्षा कमी लागतो ना?"

"लागतो."

"मग मीटर खरंच सांगतोय. कमी जाळलंत, कमी धूर झाला, कमी कर. हा कर त्यासाठीच तर आहे."

"असं कसं?" काका चिडलेच. "आम्ही चोरी केलीय. ठरवून केलीय. महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही!"

"चोरी झालेली नाही, काका."

"झालीय! माझा दंड घ्या!"

"दंड बसत नाही हो!"

दोघांची चांगलीच जुंपली. तेवढ्यात मामा पुढे आले. त्यांचा आवाज अगदी पडला होता. "म्हणजे मॅडम, मी कायद्यातच होतो?"

"पूर्णपणे."

मामा चादरींच्या ढिगावर मटकन बसले. "आयुष्यात एक लबाडी जमली होती. तीही सरळ निघाली."

पण मामा हट्टाला पेटले. आता याला खरोखर फसवूनच दाखवतो, म्हणाले. त्यांनी बॉयलरच्या फटी बुजवल्या. छपरावर उन्हाने पाणी तापवणारे पत्रे चढवले. मग सूर्याची वीज आणली आणि इस्त्रीचे रूळ तिच्यावर फिरायला लागले. दर वेळी धावत येऊन माझ्या काचेला नाक लावायचे, आणि काटा दर वेळी प्रामाणिकपणेच खाली गेलेला असायचा. मामा कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा शिडी उचलायचे. एके दिवशी काकांनी बॉयलर विझवला तो पुन्हा पेटवलाच नाही. चादरी तशाच पांढऱ्या निघत होत्या. काटा शून्यावर टेकला.

काल तपासनीस बाई मला काढायला आल्या. धूरच नाही तर मीटर कशाला? मामांनीच माझे स्क्रू सैल केले. काकू म्हणाल्या, "नळी नीट गुंडाळा, मोडेल बिचाऱ्याची." बाई निघाल्या तसे काका दारात आडवे आले.

"नका ना नेऊ. हा गेला तर आम्ही फसवायचं कुणाला?"

मला डोळे असते तर तिथेच रडलो असतो. जगात कुणालाच नको असलेला मी, आणि मला ठेवून घ्यायला एक माणूस दार अडवून उभा होता.

आता मी जीपच्या मागच्या सीटवर आहे, एका बिस्किटांच्या कारखान्याकडे निघालोय. तिथली चार धुराडी लांबूनच दिसतायत. कधीतरी तुमच्या दारातही येईन. तेव्हा शिव्या द्या, बोटं मोडा, हवं ते करा. फक्त मला फसवायची मनापासून खटपट करा. कारण खरं सांगू? मला तुमच्याकडे फार दिवस राहायचं नाहीये.