राजाची मिशी

खेळ मारेकऱ्याचा होता. मारेकरी भिंतीला पालीसारखा चिकटून, अंधारातून दबकत पुढे सरकतो, पहारेकऱ्यांना चुकवून राजाच्या दालनात पोचतो आणि आपलं काम उरकतो. टीव्हीच्या पडद्यावर हा व्हिडिओ गेम छान चालला होता. आता तो हातात मावणाऱ्या यंत्रात बसवायचा होता, आणि हत्ती काही बादलीत बसत नव्हता.

बसवणाऱ्याला ऑफिसात सगळे ‘कात्री’ म्हणत. त्यानं झाडं कापली, ढग कापले, राजवाड्याचा एक मजला उडवला. तरी चित्र अडखळतच होतं.

“सावल्या काढून टाक,” साहेब दिवेवालीला म्हणाले.

दिवेवाली म्हणजे खेळातला उजेड आणि काळोख रचणारी बाई. मशालीखाली किती अंधार, खांबामागे किती, सगळं तिच्या हातचं.

“सावल्या काढल्या तर मारेकरी लपणार कुठे?”

“एवढासा पडदा. त्यात काळोख कोण बघतंय?”

“काळोख बघायचा नसतो साहेब, त्यात लपायचं असतं.”

“वाद नको. आणि तूच काढ हं. दुसऱ्यानं काढल्या तर तुला वाईट वाटेल.”

दुसऱ्याच्या मनाला साहेब फार जपत.

तिनं सावल्या काढल्या. एकेक कळ अशी दाबली की शेजारच्याच्या कपातला चहा हिंदकळला. राजवाड्याचं अंगण घासलेल्या ताटासारखं लख्ख झालं आणि यंत्र पूर्वीइतकंच अडखळत राहिलं.

ती कात्रीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. “सगळं गेलं. मग अजून जागा खातंय कोण?”

“ताई, नका विचारू.”

“बोल.”

“मिशी.”

राजाला चेहरा साहेबांचा दिला होता. ही कल्पना कुणाची, हे आता कुणीच कबूल करत नाही. मिशीही साहेबांचीच, आणि तिचा एकेक केस वाऱ्यावर वेगळा हलायचा. राजा शेवटच्या दालनात. पण मिशी मात्र पहिल्या दारापासून यंत्राच्या उरावर.

“मग ती का नाही कापलीस?”

“ताई, मला नोकरी टिकवायचीय.”

“आणि मी काय हौसेनं येते?”

खेळ विकणाऱ्या कंपनीच्या बाई तपासणीला आल्या, तेव्हा साहेबांनी यंत्र स्वतःच हातात घेतलं. मारेकरी पहिल्या दारातून आत शिरला आणि पहारेकऱ्यानं त्याला भोसकलं. साहेब हसले. मारेकरी पुन्हा शिरला, पुन्हा मेला. लपायला तसूभरही अंधार नव्हता; बिचारा भर उजेडात भिंतीला चिकटून उभा राही, आणि पहारेकरी सावकाश चालत येऊन त्याचा निकाल लावी.

“पहारेकऱ्यांना आंधळं करा की जरा!” साहेब कात्रीवर खेकसले.

“राजा कधी दिसणार?” बाईंनी विचारलं.

“अहो, फार देखणा आहे.”

“कोणी जिवंत पोचलं तर कळेल ना.”

आता दिवेवालीचा बांध फुटला. “नाही पोचणार! राजाची मिशी झुलावी म्हणून माझा सगळा काळोख पुसलाय, बाई. लपण्याच्या खेळात लपायलाच जागा ठेवली नाही!”

“जरा तापट आहे ही,” साहेब बाईंना म्हणाले.

“तापट नाही, चिडलेय. तापट माणूस उगाच भडकतो. मला कारण आहे, आणि ते तुमच्या नाकाखाली आहे!”

बाईंनी साहेबांच्या नाकाखाली पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं. “मिशी काढा, सावल्या परत घाला. मगच मला बोलवा,” असं म्हणून त्या उठल्या.

दार लागल्यावर साहेब दिवेवालीला म्हणाले, “काढ मग.”

“मी नाही. तुम्ही काढा. दुसऱ्यानं काढली तर तुम्हाला वाईट वाटेल.”

कात्रीनं घाईघाईनं दिवेवालीची खुर्ची पुढे सरकवली. त्याचं तेवढंच धाडस. साहेब बसले. काय दाबायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं; आजवर ते फक्त सांगत आले होते.

“हे निवडा. आता हे दाबा. ‘नक्की ना?’ असं विचारेल. हो म्हणा,” दिवेवालीनं सांगितलं.

साहेबांचं बोट बराच वेळ अधांतरी होतं. मग त्यांनी हो म्हटलं. पडद्यावरचा राजा कुणीतरी कानफटात दिल्यासारखा दिसू लागला. यंत्र मात्र सरसर पळू लागलं.

“झालं समाधान?” साहेबांनी विचारलं. “गेला राग?”

“नाही,” दिवेवाली म्हणाली. “उठा, खुर्ची सोडा. मला काम आहे.”