विलायती वांगी

मनकर्णेने कडब्याची शेवटची पेंढी झाडांवर आडवी केली आणि वर ढेकूळ ठेवले. दिवस बुडाला तसा काळ्या मातीतून गारवा वर येऊ लागला. कालच्या थंडीने मिरचीचे शेंडे करपले होते. विलायती वांगी अजून हिरवी, टणक. बडनेऱ्याजवळ रेल्वेच्या साहेबाचा तळ होता. त्याच्या खानसाम्यानेच बी दिले होते; साहेब यांना टोमॅटो म्हणतो, लाल झाली की सगळी आण, म्हणाला होता.

तिचा नवरा सूर्यभान बांधावर येऊन उभा राहिला. दूरदेशी लढाई पेटल्यापासून कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि गावात कापसाची पऱ्हाटी न लावलेला एवढाच मळा उरला होता.

"सोमवारी नांगर घालतो, पऱ्हाटीसाठी."

"चार दिस थांबा ना. फळ पिकून राहिलं."

"कुठं? मले तं नाई दिसत."

तिने पेंढ्या पुन्हा उचलल्या, हिरवी फळे आणि मिरच्या खुडून टोपली भरली. आंब्यासारखी अढी घालायची तर ऊब चुलीमागेच. पण उंबऱ्यात सासू, पार्वताबाई, बसली होती.

"मिरच्या आन. ते नको. मासावानी लाल होते म्हनतेत."

"झाकून ठेवीन, आत्याबाई."

"माया चुलीपाशी नाई म्हनजे नाई."

मनकर्णेने गोठ्यात, म्हशीच्या अंगाच्या उबेला, गवत पसरून अढी घातली. वर आपली घोंगडी टाकली. दिवसातून दहादा जाऊन एकेक फळ चाचपायची. भाकरी थापतानाही कान गोठ्याकडे. रविवारी पहाटे गवत सारले तर सगळी लालबुंद.

टोपली डोक्यावर घेऊन ती जवळजवळ पळतच बडनेऱ्याला पोचली. तळावर काळ्या पडलेल्या चुली होत्या आणि तंबूंच्या खुंट्यांची भोके.

"साहेब परवाच पुढं गेला, नागपुराकडं," एक गाडीवान म्हणाला.

बाजारात मिरच्या लगेच खपल्या. लाल फळांना कोणी हातही लावला नाही.

दुपारी तिने टोपली अंगणात टेकवली. सूर्यभान नांगराचे दोर तपासत होता. त्याने टोपलीकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली.

पार्वताबाई मात्र बघत राहिली. त्या मळ्याच्या विहिरीची माती तिने तरुणपणी आपल्या डोक्यावर वाहिली होती. तिने एक फळ उचलले, पदराला पुसले, मीठ लावले आणि चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला.

"आंबट हाय," म्हातारी म्हणाली. "मिरचीसंगं ठेचलं तं भाकरीले चालते."

मग तोंडातल्या बिया तिने तळहातावर काढल्या.

"राख आन वं थोडी."

मनकर्णेने चुलीतली राख आणून दिली. म्हातारी बियाण्याला घोळतात तशा त्या बिया राखेत घोळू लागली. सूर्यभान दोर घेऊन जवळ आला.

"माय, हे काय करून राहिली?"

तिने वर पाहिले नाही.

"सरक तिकडं. उजेड अडवून राहिला."